हिशेब दिल्लीचा, उधारी आमच्या नावावर

भारताच्या पश्चिम आशियाविषयक धोरणाची चर्चा निघाली की एक वाक्य ठरल्यासारखे येते : इतकी वर्षे आपण इस्रायलपासून दूर राहिलो आणि अरबांची री ओढली, ती येथील मुसलमानांच्या मतांसाठी! हे वाक्य अग्रलेखांत येते, दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत येते, निवडणुकीच्या सभांत येते. ते इतक्या वेळा बोलले गेले आहे की त्याचा पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. दुःखाची गोष्ट ही की आपल्यातलेही पुष्कळजण ते ऐकून गप्प बसतात. काहींना तर मनातल्या मनात बरेही वाटते की, चला, नोकरीत नाही, पोलिसात नाही, विधानसभेत नाही, पण निदान परराष्ट्र खात्यात तरी आपले वजन आहे.

हे वजन कधीच नव्हते. ते होते असे सांगून आपल्या नावावर एक उधारी मात्र लिहून ठेवली गेली, आणि तिची वसुली आजही चालू आहे. त्या वहीची पाने एकदा उलटून पाहिली पाहिजेत.

घरचे राजकारण आणि बाहेरचे धोरण

परराष्ट्र धोरण हे देशांतर्गत राजकारणापासून अलिप्त, शुद्ध राष्ट्रहिताच्या तराजूत तोलून ठरते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. व्यवहार तसा नसतो. लोकशाहीत सरकार मतांवर उभे असते, आणि ज्या मतदारांचे सीमेपलीकडे नातेगोते असते त्यांचा आवाज धोरणात उमटतो. त्यात गैर काही नाही. आपल्या देशात याची उदाहरणे हवी तेवढी आहेत.

श्रीलंकेचे पाहा. मार्च २०१३ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेविरुद्धचा ठराव येणार होता. भारत पुरेशी कठोर भूमिका घेत नाही म्हणून द्रमुकने आपल्या १८ खासदारांसह केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. दोनच दिवसांनी भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलंबोला राष्ट्रकुल परिषद भरली, तर पंतप्रधान मनमोहन सिंग तिकडे गेलेच नाहीत. चेन्नईतल्या आयपीएल सामन्यांतून श्रीलंकेच्या खेळाडूंना वगळण्यात आले. हे सगळे तमिळ जनतेच्या भावनांसाठी झाले, आणि त्या भावना खऱ्या होत्या. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे त्यांचे भाईबंद मारले गेले होते.

बांगलादेशचे पाहा. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान ढाक्याला निघाले, तिस्तेच्या पाणीवाटपाचा करार तयार होता. ममता बॅनर्जींनी आयत्या वेळी शिष्टमंडळातून अंग काढून घेतले आणि करार बारगळला. एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने दोन राष्ट्रांमधला करार अडवला. याला आपण संघराज्य पद्धत म्हटले, आणि ते बरोबरच होते.

पंजाबचे पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानशी राजनैतिक संबंध तळाला गेले, व्यापार थांबला, उच्चायुक्तांना परत पाठवले गेले. तरीही ९ नोव्हेंबर २०१९ रोजी कर्तारपूरचा मार्ग उघडला. सीमेपलीकडे गुरू नानकांचे पवित्र स्थान आहे आणि इकडे शीख समाजाची श्रद्धा आहे, एवढे कारण पुरेसे ठरले. आम्हाला त्याचा आनंदच झाला.

आता प्रश्न असा. तमिळांनी श्रीलंकेबद्दल बोलले तर ती भाषिक आत्मीयता. बंगालने तिस्तेबद्दल बोलले तर तो राज्याचा हक्क. शिखांनी कर्तारपूरबद्दल बोलले तर ती श्रद्धा. मग मुसलमानाने पॅलेस्टाईनबद्दल तोंड उघडले की तीच गोष्ट ‘राष्ट्रबाह्य निष्ठा’ कशी होते? तराजू एक आहे की दोन?

पॅलेस्टाईनचे पान

‘अनुनया’चा आरोप ज्या पानावर उभा आहे ते पॅलेस्टाईनचे. ते नीट वाचू.

गांधीजींनी १९३८ मध्ये ‘हरिजन’मधून पॅलेस्टाईनातील अरबांच्या हक्काची बाजू घेतली. त्याच लेखात त्यांनी जर्मनीत ज्यूंवर होणाऱ्या अत्याचारांचा निषेधही केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीवर मतदान झाले तेव्हा भारताने विरोधात मत दिले. धर्माच्या आधारे देश तोडण्याचे तत्त्व ज्या काँग्रेसने आयुष्यभर नाकारले होते आणि तीनच महिन्यांपूर्वी नाइलाजाने गिळले होते, तिने दुसऱ्या देशाच्या बाबतीत ते आनंदाने कसे स्वीकारावे? त्या नोव्हेंबरात येथला मुसलमान पंजाबात आणि दिल्लीत जीव वाचवत फिरत होता. तो कोणावर दबाव आणणार होता?

पुढे १७ सप्टेंबर १९५० रोजी नेहरू सरकारने इस्रायलला मान्यता दिली. १९५३ मध्ये इस्रायलची वकिलात मुंबईत सुरू झाली. पूर्ण राजनैतिक संबंध मात्र लांबले. येथे विरोधक मौलाना आझादांचे नाव पुढे करतात. मौलानांनी नेहरूंना सावध केले असे काही अभ्यासकांनी लिहिले आहे, आणि त्यांनी ते केले असेलही. पण मौलाना केंद्रीय मंत्री होते, काँग्रेसचे माजी अध्यक्ष होते, नेहरूंचे तुरुंगातले सोबती होते. मंत्र्याने आपले मत मांडणे हा दबाव असेल, तर सरदार पटेलांनी तिबेटबद्दल नेहरूंना लिहिले त्याला काय म्हणायचे? शिवाय मौलाना १९५८ मध्ये वारले. त्यानंतरची ३४ वर्षे कोणी अडवले होते?

अडवणारी कारणे दुसरी होती आणि ती उघड्यावर पडलेली आहेत. जानेवारी १९४८ पासून काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात होता. तेथे इस्रायलचे मत एक आणि अरब देशांची मते अनेक. भारताचा युरोपशी चालणारा व्यापार सुएझमधून जात होता. तेल इराण-अरबस्थानातून येत होते. हे गणित साधे बेरीज-वजाबाकीचे आहे. त्यात मुसलमानांच्या मतांचा आकडा घुसडण्याची गरज नाही.

खात्री पटत नसेल तर १९७७ कडे पाहा. जनसंघ हा पक्ष वर्षानुवर्षे इस्रायलशी मैत्रीचा आग्रह धरत आला होता. जनता पक्षाचे राज्य आले, अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले. त्याच वर्षी जाहीर सभेत त्यांनी सांगितले की अरबांची बळकावलेली जमीन इस्रायलने रिकामी केली पाहिजे. त्याच वर्षी इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीला येऊन मोरारजीभाईंना भेटून गेले, आणि हात हलवत परतले. वाजपेयींना मुसलमानांचा अनुनय करायचा होता असे कोणी म्हणेल काय? १९७३ च्या तेलसंकटाने शिकवलेला धडा त्यांना पाठ होता, एवढेच.

पुढे २९ जानेवारी १९९२ रोजी नरसिंह राव सरकारने इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. सोव्हिएत संघ महिनाभरापूर्वी कोसळला होता, माद्रिदला अरब आणि इस्रायली एका टेबलाशी बसले होते, आणि भारताची परकीय गंगाजळी आटली होती. रावांचे सरकार अल्पमतातले होते. ज्या ‘मतपेढी’च्या धाकाने चाळीस वर्षे धोरण अडून राहिले म्हणतात, त्या मतपेढीने त्या दिवशी काय केले? सरकार पडले नाही. उलट त्याने आपली पाच वर्षे पूर्ण केली. आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्याच ‘लाडक्या’ समाजाची मशीद दिवसाढवळ्या पाडली गेली. अनुनयाचा याहून विचित्र नमुना जगात दुसरा सापडणार नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले. दिल्लीत तेव्हा सेक्युलर म्हणवणारे सरकार होते. अमेरिकेशी अणुकरार व्हायचा होता, म्हणून इराण बाजूला पडला. त्याच अणुकराराच्या वादात २००८ साली एक गंमत झाली. करार मुसलमानांना नको आहे, असे डाव्या पक्षाचे एक ज्येष्ठ नेते आणि मायावती सांगू लागल्या. मुसलमानांना कोणी विचारले नव्हते. युरेनियमच्या इंधनाला हिंदू-मुसलमान नसते, हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी २२ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावावर ओमर अब्दुल्लांना लोकसभेत उभे राहून सांगावे लागले की मी मुसलमान आहे, भारतीय आहे आणि मला या कराराचे भय वाटण्याचे कारण दिसत नाही. ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी मंजूर झाला. उजवे आमच्यावर आरोप करतात, डावे आमच्या नावाने बोलतात. दोघांनाही आम्ही तोंड असलेली माणसे आहोत हे मान्य नाही.

रबातचा धडा

आपल्या नावाचा वापर कसा होतो याचा सर्वांत बोलका प्रसंग १९६९ चा आहे. ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला आग लावली गेली आणि सप्टेंबरमध्ये मोरोक्कोतील रबात येथे मुस्लिम राष्ट्रप्रमुखांची परिषद भरली. भारत मुस्लिम राष्ट्र नव्हते. तरीही आमच्याकडे कोट्यवधी मुसलमान आहेत असे सांगून दिल्लीने आमंत्रण मिळवले आणि केंद्रीय मंत्री फखरुद्दीन अली अहमद यांना रवाना केले. हेतू स्पष्ट होता : त्या व्यासपीठावर पाकिस्तानला मोकळे रान मिळू नये. त्यासाठी आमच्या डोक्यांची मोजणी उपयोगी पडली.

पण त्याच आठवड्यात, १८ सप्टेंबरपासून, अहमदाबाद जळत होते. त्या दंगलीत शेकडो मुसलमान मारले गेले. रबातमध्ये याह्याखान यांनी भारताच्या उपस्थितीला हरकत घेतली आणि भारताच्या प्रतिनिधींना परिषदेच्या दाराबाहेर राहावे लागले. देशाची बेअब्रू झाली, संसदेत विरोधकांनी सरकारला धारेवर धरले.

याह्याखानांना अहमदाबादच्या मुसलमानांचा कळवळा होता असे मानण्याइतके भोळे कोणी राहू नये. दीडच वर्षाने त्यांच्या सैन्याने पूर्व पाकिस्तानात लाखो बंगाली मुसलमानांची जी कत्तल केली ती जगाने पाहिली. पण धडा दिल्लीसाठीही होता. घरातल्या मुसलमानाला घरात सुरक्षित ठेवल्याशिवाय त्याचा आकडा परदेशात मिरवता येत नाही. हा धडा किती जणांनी घेतला?

अरब राजांचा आनंद आपण का मानावा?

आता आपल्याच घरात डोकावू. कारण उधारी लिहिणारा दोषी असेल, तर न वाचता अंगठा उठवणाराही सुटत नाही.

मे २०२२ च्या अखेरीस सत्ताधारी पक्षाच्या एका प्रवक्त्यांनी दूरचित्रवाणीवर पैगंबरांविषयी अवमानकारक उद्गार काढले. आठवडाभर येथला मुसलमान निषेध करीत होता, तक्रारी देत होता. कोणी दखल घेतली नाही. ५ जूनला कतारने भारताच्या राजदूताला बोलावून घेतले. कुवेत आणि इराणनेही तेच केले. त्याच दिवशी प्रवक्त्यांचे निलंबन झाले. दोहातल्या आपल्या दूतावासाने असली मते काही किरकोळ लोकांची असल्याचा खुलासा केला. भारताच्या नैसर्गिक वायूचा मोठा वाटा कतारमधून येतो, हे येथे आठवावे.

तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत केवढा आनंद झाला! अरबांनी दाखवून दिले म्हणून मोबाइलवर निरोप फिरले. पण पुढचा आठवडा विसरू नका. १० जूनला निदर्शने झाली, रांचीत गोळीबारात दोघे मेले, १२ जूनला प्रयागराजमध्ये बुलडोझर एका घरावर चालून गेला. तेव्हा कोणत्या अमिराने राजदूताला बोलावले? कोणी नाही. त्यांचा मान राखला गेला होता, त्यांचे काम झाले होते. आपले घर पडले ते आपले होते.

आणि आधीचेही आठवा. ५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरचा विशेष दर्जा गेला, तेथले टेलिफोन बंद पडले. त्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, संयुक्त अरब अमिरातीने भारताच्या पंतप्रधानांना आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच अमिरातीने इस्रायलशी संबंध जोडले. यात रागावण्यासारखे काही नाही. राजे आपल्या राज्याचे हित पाहतात. चूक आपली असते, आपण त्यांच्या हितात आपला इज्जतीचा प्रश्न गुंतवतो.

ही सवय जुनी आहे. १९१९ पासून आपल्या आजोबा-पणजोबांनी खिलाफतीसाठी घरचे दागिने दिले, तुरुंगवास भोगला. मार्च १९२४ मध्ये तुर्कांनी स्वतःच खिलाफत मोडीत काढली. त्यांनी भारतातल्या मुसलमानाला विचारले नाही. हमीद दलवाईंनी समाजाच्या या मनोवृत्तीवर कठोर टीका केली तेव्हा आपण त्यांच्यावर तुटून पडलो. त्यांचे सगळेच म्हणणे पटत नसेल, मलाही पटत नाही. पण बाहेर पाहत राहणाऱ्या समाजाच्या पायाखालची जमीन सरकते, ही गोष्ट शतकभराच्या अनुभवाने सिद्ध केली आहे.

ज्याला मत नाही त्याला धोरण नाही

मग परराष्ट्र धोरणात मुसलमानाचे खरे हित कोठे आहे? ते खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धनच्या घराघरांत आहे. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून येणाऱ्या पैशांपैकी १९ टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या अमिरातीचा होता. हा पैसा परकीय चलनाच्या खात्यात देशाच्या नावावर जमा होतो. पाठवणारा मात्र कोणाच्या खात्यात नसतो.

१९९० मध्ये कुवेतवर सद्दामने हल्ला केला तेव्हा १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना एअर इंडियाने परत आणले. देशाला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावा. पण संकट नसते तेव्हा काय? २०१६ मध्ये सौदी अरेबियात हजारो भारतीय कामगारांचे पगार थकले, त्यांना जेवणाची भ्रांत पडली. सप्टेंबर २०२० मध्ये, साथीच्या भर काळात, आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेली किमान वेतनाची मर्यादा आपल्याच सरकारने खाली आणली. ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा जुलै २०२१ मध्ये ती पूर्ववत झाली. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यावर पुढची चाळीस वर्षे काम भागवले गेले.

असे का? उत्तर द्रमुकच्या उदाहरणातच आहे. द्रमुकच्या हातात १८ खासदार होते. आखातातल्या कामगाराच्या हातात काहीच नाही. २०१० च्या दुरुस्तीने त्याचे नाव मतदार यादीत येऊ शकते, पण मत देण्यासाठी त्याने विमानाचे तिकीट काढून गावी यायचे! प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण कायदा झालाच नाही. ज्याला मत नाही त्याच्यासाठी परराष्ट्र धोरणही नाही. मुसलमानांच्या मतांसाठी अरबांशी मैत्री ठेवली म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे : त्या मैत्रीतून या कामगारासाठी कोणी काय मागितले?

साखरी नाट्याचा रस्ता

तक्रार करून लेख संपवणे सोपे आहे. पण एक रस्ता आपल्याच कोकणात पडलेला आहे.

राजापूर तालुक्यात जैतापूरचा अणुप्रकल्प फ्रान्सच्या मदतीने व्हायचा होता. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष दिल्लीला आले आणि करार झाला. तो दोन राष्ट्रांचा करार होता, पण त्याचे पाणी साखरी नाट्याच्या खाडीत सुटणार होते. साखरी नाटे हे बहुतांशी मुस्लिम मच्छिमारांचे गाव. माडबनचे हिंदू शेतकरी आणि नाट्याचे मुस्लिम मच्छिमार एकत्र उभे राहिले. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात नाट्याचा एक तरुण गेला. पुढे त्याच तालुक्यातल्या नाणारला तेलशुद्धीकरणाचा महाप्रकल्प आला. त्यात भागीदार कोण? सौदी अरेबियाची अराम्को आणि अबू धाबीची सरकारी तेल कंपनी. परदेशी भागीदार मुसलमान, त्यांचा पैसा मुसलमानांचा. तरीही नाट्याच्या मच्छिमाराने आपल्या समुद्राचा प्रश्न सोडला नाही. मार्च २०१९ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, युतीच्या तडजोडीत, नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. अरबांच्या भागीदारीची योजना राजापूरच्या मतांनी थांबवली.

हे खरे परराष्ट्र धोरण. नाट्याच्या मच्छिमाराने फ्रान्स आणि सौदीला एकाच मापाने मोजले. उम्मतीच्या नावाने तो गप्प बसला नाही आणि कोणी त्याला राष्ट्रबाह्य निष्ठेचा म्हणू शकले नाही. कारण तो आपल्या खाडीबद्दल, शेजाऱ्याला बरोबर घेऊन बोलत होता.

पॅलेस्टाईनबद्दलही आपण असेच बोलावे. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात जे घडले त्याने कोणाचेही मन फाटेल. भारताने २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर मत दिले नाही, १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने दिले, जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ राहिला. या हेलकाव्यांवर जाब विचारण्याचा हक्क प्रत्येक भारतीयाला आहे, आणि आपणही भारतीय म्हणूनच तो विचारावा. आपले भांडण ज्यूंशी नाही. अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या आपले शेजारी होते. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. भांडण जमीन बळकावणाऱ्या आणि लेकरांवर बॉम्ब टाकणाऱ्या सत्तेशी आहे. ते गांधींच्या देशातल्या कोणाही माणसाला शोभणारे आहे. आपण ते फक्त मशिदीच्या दारात मांडले, तर ते आपल्यापुरतेच राहील. शेतकरी, कामगार, दलित चळवळींच्या व्यासपीठावर मांडले तर ते देशाचे होईल.

म्हणून उद्या कोणी म्हणाले की परराष्ट्र धोरण तुमच्या मतांसाठी ठरले, तर खाली मान घालू नका आणि फुशारूनही जाऊ नका. वही मागा. १९४७ चे पान काढा, १९७७ चे काढा, १९९२ चे काढा. आमच्या नावावर जे लिहिले आहे ते आम्ही कधी घेतलेच नव्हते, हे शांतपणे दाखवा. आणि मग आपली खरी मागणी पुढे ठेवा : आखातातल्या कामगाराला मत द्या, त्याच्या पगाराची हमी करारात लिहा. ही मागणी कोणाच्या धर्माची नाही. तिच्यात केरळचा ख्रिस्ती, तेलंगणाचा हिंदू आणि रत्नागिरीचा मुसलमान सारखेच आहेत. जी उधारी आपण घेतली नाही ती फेडत बसण्यापेक्षा, जे येणे खरोखर बाकी आहे त्याच्या वसुलीला लागलेले बरे.